शेवटची तारीख, पाच वाजेपर्यंत

हर्णै बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
सोसायटीचा हॉल. तिथे मला दिलंय
एक टेबल, शिक्का, स्टेपलर
आणि सतरा रकान्यांची वही.
'समाजकल्याण सेवांत सुधारणा सुचवणाऱ्या समितीकडे
जनतेची निवेदने'
एवढं फलकावर मावलं नाही,
म्हणून रंगवणाऱ्याने 'जनतेची' खाली घेतलं,
बारीक.

निवेदन दोनशे शब्दांत हवं.
मला नोंदीमागे तीन रुपये.

भिकू धोपट पहिल्याच वाक्यात आजोबांच्या खोतापर्यंत गेले.
मी म्हटलं, बाबा, विषय काय लिहू?
म्हणाले, कान.
नातवाचे. जन्मापासून बंद.
दर खेपेला रत्नागिरीला नेऊन दाखवायचं
की अजून बंदच आहेत.
एकदा सरकारनंच यावं आमच्या वाडीत,
पाठीमागे उभं राहावं
आणि त्याला हाक मारून बघावी.

मी लिहिलं: प्रमाणपत्र नूतनीकरण.

बिल्किस होडेकर घरूनच लिहून घेऊन आल्या,
समास सोडून, मुद्दे एक ते नऊ.
नववा असा:
दवाखान्यात बाकडं आहे. बाकड्यावर खोकी आहेत.
गरोदर बायका उभ्या आहेत.
बाकी आठ मुद्द्यांना वेळ लागेल, समजू शकते,
खोकी आज हलवावीत.

कातकरवाडीतून एक पोरगा आला,
कागद टेबलावर ठेवला आणि धावत सुटला.
निवेदन नव्हतंच त्यात.
एकवीस नावं, आणि प्रत्येकापुढे
जन्मतारीख एक जून.
म्हातारीची एक जून, तिच्या सुनेची एक जून,
कडेवरच्या पोराचीसुद्धा.
कुठल्या रकान्यात टाकू, कळेना.
बराच वेळ पेन नुसतंच धरून बसले.
मग 'इतर'.

पावणेपाचला वाळूवर लिलाव सुरू झाला,
हॉल रिकामा झाला.
सुपारीचा हिशेब करत शिपाईही गेला.
तेव्हा आली कृष्णी पावसे,
दोन्ही हात पदरात, कोळंबीचा वास पुढे, ती मागे.

सांग, मी म्हटलं.

ती म्हणाली, यंत्र मना वळखत नाय.
रेशनाचा नाय, पगाराचा बी नाय.
अंगठा ठेवला की बोलतं, पुन्हा प्रयत्न करा.
चार महिने प्रयत्नच करतंय मी.
पोरगा मुंबयसून फोनवर बोलतो, आये, हात धू.

तिने पदरातून हात काढले.
सत्तावीस वर्षं बर्फातली कोळंबी सोललेली:
डोकं मोडायचं, साल ओढायची, काळा दोरा काढायचा,
पुढची.
बोटांची टोकं गुळगुळीत,
नदीतल्या गोट्यांना असतात तशी, थोडी लाल.

तक्रार लिहू का?
तक्रार नको. कुणाची करू?
बोटं चोरीला नाय गेली.
सोड्यांच्या पिशवीतून गेली ती, किलोनं.
लिही, इतकी वर्षं कुणी खाल्ले आसतील सोडे,
त्यांना म्हायती आसंल मी कोण.

शब्द मोजले. एकोणतीस.
बाकीचे एकशे एकाहत्तर तिने घेतले नाहीत.

खाली छापलेलं होतं: सही अथवा अंगठा.
आम्ही दोघी त्या ओळीकडे बघत राहिलो
आणि आधी ती हसली.

शाईच्या पॅडवर डावा दाबला,
कागदावर उठला एक निळा लंबगोल,
आत एकही रेघ नाही.
उजवा दाबला. तोही तसाच,
जरा तिरका.
वाळेपर्यंत ती फुंकर घालत थांबली,
मग लिलावाकडे गेली, घाईने,
बोटं लुगड्याला पुसत.

पाच वाजायला चार मिनिटं.
क्रमांक एकशे सतरा. पिन मारताना
शाईला लागू नये म्हणून कोपरा दुमडून घेतला.
सतराव्या रकान्यात, जिथे विचारलं होतं 'पुरावा',
मी लिहिलं:
सोबत जोडला आहे.